शास्त्राचा तास आणि बाईंची पाखरं

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला तोवर ग्रुपवर बाकीच्यांनी गॅदरिंग, क्रीडास्पर्धा, दहावीचा निकाल सगळं वाटून घेतलं होतं. मला त्यातलं काही नकोच होतं. मला या शाळेने दोन गोष्टी दिल्या, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, आणि पाखरं, आणि त्या दोन्ही एकाच बाईंनी एकाच तासाला दिल्या, त्यामुळे आज इतक्या वर्षांनीही मला त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

शास्त्राचा तास म्हणजे आधी पाठांतर. येशूची गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय चालू होता, आकाशातल्या पाखरांकडे बघा, ती पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी तुमचा स्वर्गातला पिता त्यांना खायला देतो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "प्रभू काय म्हणतोय? बघा म्हणतोय ना? मग इथे भिंतीकडे बघत काय बसलात, चला बाहेर." आणि सगळा वर्ग मैदानाच्या कडेला. पुढे ते वर्षभर चालू राहिलं. वहीत तारीख लिहायची, कुठलं पाखरू, काय करत होतं ते लिहायचं, आणि देवाविषयी एक ओळ लिहायची नाही. बाईंचा नियमच होता, आधी बघा, मग बोला. आज मला वाटतं की या एका नियमाने माझा विश्वास वाचवला, कारण नुसत्या गोड दृष्टांतांवर वाढलेला विश्वास पहिल्याच धक्क्याला ढासळताना मी खूप जणांचा पाहिलाय.

पहिल्यांदा काय दिसलं तर पाखरं आयती बसून खात नाहीत. बुलबुलांची जोडी होती कुंपणाच्या झुडपात, पिल्लं झाली तेव्हा सकाळी प्रार्थना सुरू व्हायच्या आधीपासून ती दोघं आळ्या, किडे, पिकलेली फळं आणत होती आणि शाळा सुटली तरी आणतच होती. म्हणजे देव खायला देतो, पण चोचीत आणून भरवत नाही, शोधायचं बळ आणि शोधलं की सापडेल असं जग देतो. आमच्यातल्या एकाने तर थेट वचनालाच आव्हान दिलं, तो म्हणाला, बाई, खाटीक पक्षी टोळ मारून काट्यावर टोचून ठेवतो आणि नंतर येऊन खातो, मग ते साठवणं नाही का? दुसरं कोणी असतं तर त्याला गप्प बसवलं असतं. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, "लिही वहीत, खरं आहे ते. आता तो सगळा उतारा परत वाच आणि सांग प्रभू साठवण्यावर रागावलाय की काळजीवर." त्याने वाचलं. काळजी करू नका, काळजी करू नका, तेच परत परत येतं तिथे. खाटकाने टोळ टोचून ठेवला म्हणून त्याची झोप उडालेली नसते, एवढंच.

कावळ्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. येशूचा हाच उपदेश लूकनेही त्याच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दिलाय, पण तिथे प्रभू नुसतं पाखरं म्हणत नाही, कावळ्यांचा विचार करा म्हणतो. आणि कावळा म्हणजे बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातल्या अशुद्ध पक्ष्यांच्या यादीतला! ऐकणाऱ्या यहुदी माणसांना हे नक्की टोचलं असणार. मोर नाही, कबूतर नाही, ज्याला कोणी घरात घेत नाही, वेदीजवळ नेत नाही, त्याचं नाव घेऊन प्रभू सांगतो की देव यालाही खायला घालतो. त्याही आधी करीथ ओढ्याजवळ लपलेल्या एलीया संदेष्ट्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस कोणी आणून दिलं, तर कावळ्यांनीच. अशुद्ध म्हटलेल्या पाखराच्या चोचीतून आलेली भाकरी देवाच्या संदेष्ट्याने खाल्ली, हे मी आजही वाचते तेव्हा थांबते. माझ्या आयुष्यात मला जी मदत मिळाली त्यातली बरीचशी अशाच लोकांकडून आली ज्यांच्याकडून माझ्या चर्चच्या मंडळीतल्या कुणीही अपेक्षा केली नसती.

आणि उन्हाळ्याच्या शेवटाला तोच कावळा कोकिळेचं पिल्लू भरवत असतो. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालून जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रत्यक्ष बघणं वेगळंच, ते पिल्लू पंख थरथरवत तोंड वासून ओरडतंय आणि कावळी स्वतःचा घसा रिकामा करून त्याच्या घशात कोंबतेय, परत उडतेय, परत आणतेय. मुलं हसायची, कावळा कसा फसला म्हणून. बाई हसल्या नाहीत. मलाही कधी हसू आलं नाही, मी स्वतः मावशीकडे वाढलेली मुलगी, मला त्या पिल्लाच्या जागी बसून बघता येत होतं.

चिमण्यांचं प्रकरण जास्त कठीण गेलं. वळवाचा पाऊस झाला, वाऱ्याने व्हरांड्याच्या छपरातलं घरटं खाली आलं आणि त्यात दोन पिल्लं मेलेली, अजून डोळेही न उघडलेली, अंगाला पिसं नाहीत, चोचीच्या कडा पिवळ्या. नेमका मत्तयाचा दहावा अध्याय चालू होता, दमडीला दोन चिमण्या विकतात, तरी पित्यावाचून त्यातली एकही जमिनीवर पडत नाही. माझी मैत्रीण रडत म्हणाली, मग ही कशी पडली? बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पडणार नाही असं कुठे लिहिलंय? पडते असंच लिहिलंय. पित्यावाचून पडत नाही, एवढं लिहिलंय." आणि आम्ही ती पिल्लं बागेच्या कोपऱ्यात पुरली. लूकमध्ये हिशोब थोडा वेगळा आहे, दोन दमड्यांना पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर फुकट. भाव नसलेली, नुसती वर टाकलेली चिमणी, आणि प्रभू म्हणतो तिचाही देवाला विसर पडत नाही. माझे वडील आजारात गेले तेव्हा खूप लोक भेटायला आले आणि चांगल्या मनाने बरंच काही बोलून गेले, पण मला धरून ठेवलं ते या पाचव्या चिमणीने. देवाने पडू का दिलं याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि मी त्याच्या मागेही लागले नाही, तो खाली पडलेल्याजवळ आहे एवढं मला पुरलं.

आता एक गोष्ट मला स्पष्टच लिहायची आहे कारण ती दर वर्षी कुठल्या ना कुठल्या उपदेशात ऐकू येते आणि फॉरवर्ड तर रोजच येतो. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो आणि नवीन होऊन आणखी तीस वर्षं जगतो. हे खरं नाही. गरुडाची चोच तुटली तर तो उपाशी मरेल. चोच आणि नखं आयुष्यभर वाढतच असतात आणि वापरून झिजतच असतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय आणि १०३ वं स्तोत्र, गरुडासारखं तारुण्य नवं होतं, याला असल्या बनावट गोष्टीचा टेकू लावायची काही गरज नाही, कारण खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. पाखरांची पिसं जुनी होतात, झिजतात, आणि दर वर्षी ठरलेल्या काळात गळून नवी येतात. पण बहुतेक पाखरांची एकदम नाही गळत. एका पंखातलं एक गळलं की दुसऱ्या पंखातलं साधारण त्याच जागचं गळतं, म्हणजे तोल जात नाही आणि उडणं बंद पडत नाही. डोक्यावर घिरट्या घालणारी घार बघा कधीतरी नीट, पिसं बदलायच्या दिवसांत तिच्या दोन्ही पंखांत समोरासमोर एकेक फट दिसते आणि त्या फटींसकट ती छान तरंगत असते. मोठ्या गरुडांना तर सगळी पिसं बदलायला वर्षापेक्षा जास्त लागतं. देव मला नवं करतो ते असंच करतो, डोंगरावर जाऊन रक्तबंबाळ व्हायला लावून नाही तर घर, नोकरी, आजारपण, पोरांच्या परीक्षा हे सगळं चालू असतानाच एकेक पीस बदलून, आणि माझ्यात फट दिसत असली तरी मी खाली येत नाही. बदकांचं मात्र वेगळं, त्यांची उडायची सगळी पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे ती उडूच शकत नाहीत, गवतात लपून राहतात. काही माणसांचे दिवस तसेही येतात. त्यांना कोणी अविश्वासू म्हणू नये, पिसं यायला वेळ लागतो.

थंडी लागली की शाळेच्या मैदानावर धोबी पक्षी यायचे, ते शेपटी वरखाली करत तुरुतुरु पळणारे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस नसायचेच. तेव्हा बाईंनी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढला, करकोचा आपली वेळ जाणतो, बाकीची पाखरंही आपल्या येण्याची वेळ पाळतात, पण माझे लोक परमेश्वराचा नियम जाणत नाहीत. यिर्मया हे ऐकीव सांगत नव्हता. करकोचे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात, तशी हवा समुद्रावर मिळत नाही, म्हणून पूर्व युरोपातले करकोचे आफ्रिकेला जाताना भूमध्य समुद्राला वळसा घालून बरोबर यिर्मयाच्याच देशावरून, इस्राएलवरून जातात, दर वर्षी काही लाख. त्याने मान वर करून पाहिलं आणि मग देवाचं वचन बोलला. ती पाखरं पुढे कुठे जातात हे माणसाला समजायला मात्र खूप उशीर लागला, १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मिळाला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार घुसलेला होता आणि तसाच तो उडत परत आला होता.

लंडनच्या ऑल सोल्स चर्चचे पाळक जॉन स्टॉट (१९२१ ते २०११) जगभर उपदेशाला जायचे तेव्हा दुर्बीण बरोबर असायचीच. मला त्यात काही नवल वाटत नाही, तो उपासनेचाच भाग आहे. माझ्या मनात सध्या युरोपातल्या कोकिळाचं पिल्लू आहे. ते परक्या घरट्यात वाढतं, खरे आईबाप काही आठवडे आधीच आफ्रिकेला निघून गेलेले असतात, आणि ते एकटं, बहुतेक रात्रीचं उडत, कधी न पाहिलेल्या जंगलात पोचतं. अब्राहाम कुठे जायचं हे ठाऊक नसताना निघाला असं बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. माझा मुलगा यंदा शिकायला लांब गेला, ओळखीचं कोणी नाही तिथे, त्या रात्री मी तोच अकरावा अध्याय उघडून बसले होते.

आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या मुलांना मी आता बाहेर नेते, बाईंच्याच नियमाने. पहिले काही रविवार फक्त कावळा, दुसरं काही नाही. पालक विचारतात कावळ्यात काय बघायचं, आणि मग मी त्यांना लूकचा बारावा अध्याय काढून देते आणि पुढच्या रविवारी त्यांनाही बरोबर यायला सांगते.