पात्रांची नावं कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कथा कशी सुचते, शेवट आधी ठरवता का, हे मला फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हेच, आणि तेही जरा संशयाने, कुणाच्या तरी घरातून मी नावं उचलून आणल्यासारखं.

आणतेच. लग्नपत्रिकांमधून. निमंत्रकांच्या यादीत तीन पिढ्या वयानुसार लावून ठेवलेल्या असतात. वर दत्तात्रय आणि पांडुरंग, मध्ये सुनील आणि संजय, तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारे विहान आणि आरोही. इतका तयार माल फुकट कुठे मिळणार? तरीही सत्तरीच्या आजीचं नाव कियारा ठेवणारे लेखक मी पाहिलेत.

आडनावाला मात्र जपावं लागतं. मराठी वाचक आडनाव वाचतो आणि जात, जिल्हा, घरात मासे शिजतात की नाही, सगळं ठरवून मोकळा होतो. तुमचं दोन पानांचं वर्णन मग तो वाचतच नाही. म्हणून मी पुष्कळदा पाटील घेते. पाटीलकी मुळात हुद्दा, त्यामुळे मराठा, जैन, लिंगायत, आगरी, कुठल्याही घरात पाटील सापडतात. गोव्यातल्या कथेत नाईक बरेचसे तेच काम करतो. पण जात हाच कथेचा विषय असेल तर ही पळवाट नको. मी एकदा घेतली होती. कथा अशी मिळमिळीत झाली की माझी मलाच पुन्हा वाचवली नाही.

घाई असेल तर एसटी स्टँडवर जा, पाट्या वाचा, पुढे 'कर' लावा. फक्त लक्षात ठेवा, गावाचं नाव माणसाला चिकटतं ते बहुधा गाव सुटल्यावर. चिपळूणकर ठेवलात तर त्याच्या कुठल्या पूर्वजाने चिपळूण का सोडलं, हे मनाशी तरी ठरवा. कधीकधी हातातली कथा बाजूला राहते आणि तीच लिहावीशी वाटते.

जुन्या काळातली बाई असेल तर नावं दोन हवीत. माझी आजी माहेरची गोदावरी, सासरी तांदळात नाव लिहिलं गेलं लक्ष्मी. शेवटी शेवटी तिला 'गोदे' म्हणणारा एकच भाऊ उरला होता. तो गेल्याचं कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चला, गोदी पण गेली," आणि निवडत राहिली. कोण कुणाला काय हाक मारतं एवढं नीट ठरवलं, तर नात्यांबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही.

एका कथेत सुधीर, सुनील आणि सुहास असे तिघे भाऊ घालू नका. घरात चालतं, कागदावर वाचक चक्रावतो.

आणि नाव बदलायचं झालंच तर हाताने बदला. माझ्या एका कथेत राम नावाचा ग्रामसेवक होता. अंकाला कथा पाठवायच्या आदल्या रात्री माझ्या लक्षात आलं, की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव तेच, मिशाही तशाच. मी कंप्युटरला सांगितलं, सगळीकडे 'राम' काढ, 'विलास' घाल. त्याने इमानेइतबारे घातलं. मी न वाचता कथा पाठवली आणि झोपले.

सकाळी संपादकांचा फोन. "ताई, कथा छान आहे. डॉक्टर नायकाला आविलास करायला सांगतात, तेही आम्ही समजून घेतलं. माणसं भेटल्यावर विलासविलास म्हणतात, असेल तिकडची पद्धत. पण हे ग्विलासपंचायत कुठल्या तालुक्यात येतं?"