दोन मोटारी आणि एक विजेरी

आज दुपारी भाचीसोबत प्रकाश ओळखणारी छोटी गाडी जोडली. डावा सेन्सर डाव्याच मोटारीला जोडला तेव्हा विजेरी दिसताच ती पाठ फिरवून पलंगाखाली पळाली. तारांची अदलाबदल करताच तीच गाडी थेट विजेरीवर येऊन धडकली. "मावशी, आधी ती घाबरली होती का गं?" या प्रश्नाने मला ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांची १९४८-४९ मधील यांत्रिक कासवे आठवली. मेंदूच्या या अभ्यासकाने प्रत्येक कासवाला जेमतेम दोन चेतापेशींच्या तोडीची विद्युत मंडले (सर्किट) दिली होती, तरीही ती अडथळे चुकवत आणि बॅटरी उतरली की आपल्या खुराड्याकडे परतत. शिकण्याचा प्रश्न वॉल्टर यांनी पुढे 'कोरा' या मंडलात हाताळला: प्रकाशासोबत वारंवार शिट्टी वाजवली की नंतर नुसत्या शिट्टीलाही प्रतिसाद मिळे. आमची गाडी (पलंगाच्या एकाच पायावर सात वेळा आपटूनही) काहीच शिकली नाही. भाची मात्र तिला भित्रीच म्हणते.