९६ आणि ८ यांच्या मधला पूर्णांक

मशीन दुरुस्तीला आलं ते ‘रॅम खराब’ हे निदान सोबत घेऊनच. कॉमिक्स काढणाऱ्या एका चित्रकार बाईंनी बेताच्या खर्चात नवं जुळवून घेतलेलं: रायझन ५ ५६००जी, डीडीआर४च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. त्यावर २०१२ सालचं फोटोशॉप सीएस ६ आणि पेंट टूल साई या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती. जुन्या मशीनच्या ४ जीबीत विनातक्रार चालणारं फोटोशॉप इथे १६ जीबी असूनही मेमरीच्या नावाने अडून बसलं होतं. प्रेफरन्सेसमधलं परफॉर्मन्सचं पान उघडलं की संदेश यायचा: ९६ आणि ८ यांच्या मधला पूर्णांक द्या.

खालची मर्यादा ९६ आणि वरची ८. असा आकडा मिळणार कुठून? पण निदान त्या वाक्यातच आहे. रॅम खरंच खराब असती तर निळा स्क्रीन आला असता, फाइली बिघडल्या असत्या, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टमध्ये चुका दिसल्या असत्या. यातलं काहीच नव्हतं. नव्या विंडोजवर या आवृत्तीला रॅमचा आकडा नीट वाचता येत नाही, एवढंच. मग तो आकडा आपणच तिला सांगायचा.

फोटोशॉप बंद करून रेजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही, उघडायचा. करंट युजर, सॉफ्टवेअर, अडोबी, फोटोशॉप या क्रमाने आत गेलं की सीएस ६साठी ६०.० नावाचा फोल्डर दिसतो. तो आधी एक्सपोर्ट करून ठेवावा. मग त्यात ३२ बिटची नवी डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करायची: ओव्हरराइडफिजिकलमेमरीएमबी. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं एमबी कॅपिटल. किंमत १२२८८, म्हणजे १२ जीबी. उरलेली रॅम विंडोजला आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला लागतेच. एक खोच आहे. त्या खिडकीत हेक्साडेसिमल, म्हणजे १६च्या पायाची मोजणी, आधीच निवडलेलं असतं. डेसिमल, म्हणजे नेहमीची दशमान मोजणी, न करता १२२८८ टाकलं तर प्रत्यक्षात ७४३७६ची नोंद होते, म्हणजे ७२ जीबीच्याही वर. संदेश जाऊनही फोटोशॉप अडखळत राहिलं, तर मी पहिल्यांदा ही नोंद बघतो.

मेमरीचा प्रश्न सुटला आणि खरी मजा चित्र काढायच्या टॅब्लेटच्या पेनात निघाली. साईत पेनचा दाब व्यवस्थित लागत होता, फोटोशॉपमध्ये अजिबात नाही. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. टॅब्लेट तोच, केबल तीच. ही जुनी सॉफ्टवेअरं दाब विनटॅब या टॅब्लेट आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या दुव्यामार्फत घेतात, आणि त्याची विनटॅब३२ ही डीएलएल फाइल विंडोजमध्ये दोन जागी असते. ६४ बिट प्रोग्रॅमसाठी सिस्टम३२मध्ये आणि ३२ बिट प्रोग्रॅमसाठी सिसवाव६४मध्ये. हो, नावं उलटी वाटतात, पण आहे तसंच. साई ३२ बिट, हे फोटोशॉप ६४ बिट. मशीनवर आधी दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर येऊन गेला होता आणि त्याची फाइल सिस्टम३२मध्ये मागे राहिली होती. दोन्ही फाइलींच्या प्रॉपर्टीजमध्ये तारीख आणि कंपनी ताडून पाहिली की हा घोळ लगेच कळतो. दोन्ही ड्रायव्हर काढले, मशीन रीस्टार्ट केलं, उरलेली फाइल हटवली आणि वापरातल्या टॅब्लेटचा एकच ड्रायव्हर नव्याने घातला. दाब आला.

तरी रेघेच्या सुरुवातीला क्षणभर अडखळ आणि टोकाभोवती वर्तुळ उमटत होतंच. ते विंडोज इंकचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पेन-सोयीचं, काम. टॅब्लेटच्या सेटिंगमधली त्याची खूण सीएस ६साठी काढून टाकावी. फोटोशॉपच्या नंतरच्या सीसी आवृत्त्यांमध्ये मात्र तीच खूण काढली की दाब जाऊ शकतो, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नये.

मॉनिटर २७ इंची फोरके होता आणि टूल्सची चित्रं मुंगीएवढी दिसत होती. फोटोशॉपच्या एक्झी फाइलच्या कंपॅटिबिलिटीत हाय डीपीआय स्केलिंग ‘सिस्टम’वर ठेवलं की ती मोठी होतात, पण कॅनव्हासही ताणला जाऊन धूसर होतो. शाईकामाला हे चालत नाही. त्यापेक्षा काम करताना रिझोल्यूशनच १९२० बाय १०८० ठेवणं बरं. लांबी-रुंदी दोन्हींत फोरकेच्या बरोबर निम्मं. सीएस ६च वापरायचं ठरलं असेल तर माझ्या मते फोरके मॉनिटरवर पैसे घालूच नयेत.

बाकी किरकोळ. रॅम २४००वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) सुरू करून ३२००वर आणली. फोटोशॉपमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ड्रॉइंग मोड बेसिक केल्यावर कॅनव्हासची लुकलुक थांबली. मोठा ब्रश मागे पडत होता, त्याचं स्पेसिंग (ठशांमधलं अंतर) २ टक्क्यांवरून १० टक्के केलं. इथे प्रोसेसरचे कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे हे जास्त मोजलं जातं.

जुनं मशीन फॉरमॅट करायची घाई त्यांना होती, ती थांबवली. सीएस ६चं लायसन्स एका वेळी दोनच मशीनवर सक्रिय राहतं, म्हणून आधी तिथे हेल्प मेनूतून डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं. ब्रश प्रीसेट मॅनेजरमधून एबीआर फाइल करून आणायचे. सेटिंगचा अख्खा फोल्डर मात्र उचलून आणू नये. जुन्या स्क्रॅच डिस्कची (फोटोशॉपच्या तात्पुरत्या फाइलींची जागा) आणि ग्राफिक्सची सेटिंग त्याच्याबरोबर येतात.