ट्रॉली, धारूर घाट आणि टेंपरेचरचा काटा : कामाची प्रगती

माझी पिकअप ओझं ओढत चढावर तापते, हे दुखणं मागची नोंद वाचलेल्यांना ठाऊक आहे. रिकामी पिकअप दिवसभर पळवा, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. मागे ट्रॉली, ट्रॉलीत भंगारातून सोडवून आणलेलं एखादं जुनं ऑइल इंजिन, आणि तेलगावकडून बीड जिल्ह्यातला धारूरचा घाट चढायला घेतला की अर्ध्यात काटा लालकडे. आता मे महिन्यातल्या दुपारीही तो घाट न थांबता निघतो. मोठा रेडिएटर बसवलेला नाही. जुनाच आहे.

नव्या मंडळींसाठी : महिंद्राचं जुनं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन, २५२३ सीसी, टर्बो नाही. बोअर (सिलिंडरची रुंदी) साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच. हा पिंड मुळात ट्रॅक्टरचा, ओढायला चिवट. फॅन पट्ट्यावर फिरणारा, साधा.

पहिल्यांदा डोक्यात घ्यायची गोष्ट ही की घाटात उष्णता हायवेच्या वेगाची तयार होते आणि वारा मिळतो बैलगाडीच्या वेगाचा. सपाटीवर समोरून येणारी हवा रेडिएटरचं निम्मं काम परस्पर उरकते, म्हणून त्याचं आजारपण झाकलं जातं. चढावर सगळा भार फॅनवर. त्यामुळे ‘सपाटीला गरम होत नाही, म्हणजे रेडिएटर चांगला’ हा मिस्त्री लोकांचा लाडका निष्कर्ष मला मान्य नाही.

काही बदलण्याआधी मोजलं. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घेतली (गाड्या-इंजिनांच्या या छंदात पान्यांनंतरची सर्वांत कामाची वस्तू). इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर ती आडवी-उभी फिरवली. डावीकडचा मोठा पट्टा शेजारच्या भागापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गार. वाटतं की गार म्हणजे छान. पण तिथल्या नळ्यांतून गरम पाणी जातच नाही, म्हणून तो भाग गार.

कारण आपल्याकडचं नेहमीचंच, बोअरवेलचं पाणी. ज्या पाण्यानं घरातल्या बादलीला पांढरे थर चढतात तेच आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं ओतलं. क्षाराचा थर उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या शंभरपट मागे, त्यामुळे कागदाएवढा थरही महाग पडतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्यानं रेडिएटरवाल्यानं टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवली. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हा प्रकार करू नका, नळ्या फाटतात.

इंजिनच्या ब्लॉकमधला क्षार मात्र सळईनं निघत नाही. त्यासाठी लिंबूफूल (सायट्रिक आम्ल), लिटरला साधारण पन्नास ग्रॅम. थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून, इंजिन गरम करून थोडा वेळ फिरवलं आणि लगेच सोडून दिलं. निघालेलं पाणी गढूळ चहासारखं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं, स्वच्छ येईपर्यंत. रात्रभर ठेवायचा मोह टाळा; आम्ल क्षार खाऊन थांबत नाही, धातूकडे वळतं.

आता आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, कूलंटचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. निम्मं-निम्मं करण्याचा आग्रह थंड मुलखासाठी ठीक. परभणी-बीडला पाणी गोठायची भीती कोणाला? कूलंटमधलं ग्लायकॉल वाढलं की मिश्रणाची उष्णता वाहण्याची ताकद उलट कमी होते. आपल्याला त्यातलं गंजरोधक हवंय.

हवेच्या बाजूचं काम स्वस्तात झालं आणि फरक सर्वांत जास्त त्यानंच पडला, असं माझं मत. फॅनभोवतीचं काऊल (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) कोणीतरी कधीच काढून फेकलं होतं. पत्र्याचं नवं करून घेतलं; पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. काऊल नसेल तर फॅन पात्यांच्या कडेनं तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. रेडिएटर आणि बॉडीमधल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. जाळीतला कापूस आणि ज्वारीचा भुसा इंजिनच्या बाजूनं पाणी मारून बाहेर काढला. समोरून मारलं तर तो आणखी आत रुततो.

थर्मोस्टॅट परत बसवलाय, यावर वाद होणार हे माहीत आहे. ‘काढून टाक, गाडी गार राहते’ हे प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळतं. पण ज्या इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच पंपाकडे फिरतं. शिवाय डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायलाच तयार होत नाही.

चालवण्यातला बदल : घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल तळाला लावून गुरगुरत चढायचं नाही. वेळेत दुसरा टाकायचा. वेग तोच ठेवला तरी इंजिनचे फेरे वाढतात, त्यांच्यासोबत फॅन आणि वॉटर पंपही. आवाजानं वाटतं इंजिनवर अन्याय होतोय. काटा उलटं सांगतो. वर पोचल्यावर लगेच बंद न करता थोडा वेळ रेस जरा चढी ठेवून उभी करतो. पाणी फेकलं असेल तर मात्र तडक बंद, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात नाही.

जाता जाता बंदूक ट्रॉलीच्या चाकांच्या हबवरही धरली. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम. बेअरिंग जास्त आवळलेलं होतं. म्हणजे इंजिन तेवढं फुकटचं ओढत होतं. ग्रीस नवं, टायरात हवा पूर्ण.

राहिलेलं काम डिझेलच्या इंजेक्शन पंपाची दुरुस्ती करणाऱ्याकडे. लोडवर अजून काळा धूर आहे, म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा डिझेल फवारणारं नोझल थेंब टाकतंय. पावसाआधी नोझल तपासून घेतो, मग हेच आकडे पुन्हा मोजून टाकतो. कोणाकडे याच इंजिनचे लोडवरचे रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीच्या तापमानाचे आकडे असतील तर द्या, जुळवून बघू.