खालच्या कोपऱ्यातली सही

कैरोत मी नेमकं काय करते, हे माझ्या आत्याला सात वर्षांत उमगलेलं नाही. चिपळुणात कुणी विचारलंच तर ती सांगते, "ममींच्या ऑफिसात आहे." तिचा तरी काय दोष? २०१२ साली ब्रिटिश म्युझियमच्या ममी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आल्या, तेव्हा तिला रांगेत घेऊन मीच उभी होते. इजिप्त म्हटलं की गोष्ट फॅरोपाशी सुरू होते आणि फॅरोपाशीच संपते. पुढची दोन हजार वर्षं जणू लोक नुसते तिकिटं फाडत बसले होते.

माझी नोकरी झमालेकमधल्या एका खासगी गॅलरीत. झमालेक म्हणजे नाईलमधल्या बेटाचा उत्तरेकडचा भाग: जुन्या इमारती, वकिलाती आणि नदीकाठी पारंब्या सोडलेले वड, जे पाहून पहिल्याच आठवड्यात मला रडू फुटलं होतं. गॅलरीत विसाव्या शतकातली इजिप्शियन चित्रं लागतात. ती लोकांनी येऊन पाहावीत, त्यांच्याबद्दल कुणी तासभर बोलावं, शाळेतल्या पोरांनाही त्यांची ओळख व्हावी, यासाठी जे जे करावं लागतं ते माझं काम. व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा भारदस्त आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ खुर्च्या मांडण्यात जातो.

तो दिवस ८ एप्रिलचा. अलेक्झांड्रियाचे चित्रकार महमूद सईद यांचा जन्म ८ एप्रिल १८९७चा आणि मृत्यूही ८ एप्रिललाच, १९६४ साली. आमच्या मादामना, म्हणजे गॅलरीच्या मालकीणबाईंना, असले योगायोग फार आवडतात. संध्याकाळी सईदवर माझं व्याख्यान ठेवलं होतं आणि सकाळी शाळेची सहल.

सकाळपासून खमासीन सुटलेला. वाळवंटातून येणारा हा गरम वारा आकाश हळदीसारखं पिवळं करून टाकतो आणि दातांखाली रेती कचकचते. तशातच सव्वीस पोरं घेऊन आम्ही महमूद मुख्तारच्या संग्रहालयात गेलो. मुख्तार म्हणजे आधुनिक इजिप्तचा पहिला मोठा शिल्पकार. राम्सेस विस्सा वासेफ यांनी बांधलेलं हे संग्रहालय १९६२ साली उघडलं. आत बहुतेक वेळा पहारेकरी आणि आपण एवढेच. एका मुलाने शिरल्या शिरल्या विचारलं, "मिस, हे सगळे फॅरो कधी मेले?" मी हताश झाले. पण पुढच्या दालनात 'खमासीन' नावाचंच शिल्प आहे: वाऱ्याला अंग देऊन चालणारी बाई, डोक्यावरून घेतलेलं वस्त्र फुगून अंगाभोवती आवळलेलं. बाहेर खिडक्या धडधडत होत्या. पोरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाहेर, आणि सगळी त्या बाईसारखी तिरकी होऊन चालायला लागली. शिकवण्यासारखं मग काही उरलं नाही. परतताना बस मुद्दाम विद्यापीठावरून नेली. तिथे मुख्तारचं 'नहदत मिस्र' आहे, इजिप्तचं जागं होणं. गुलाबी ग्रॅनाइटचा स्फिंक्स उठू पाहतोय आणि शेजारी उभी शेतकरीण चेहऱ्यावरचा पदर बाजूला सारतेय. लोकवर्गणीही जमवून घडवलेलं हे शिल्प १९२८ साली रेल्वे स्टेशनसमोर उभं राहिलं. १९५५मध्ये ते इथे हलवलं. पोरं तोवर डबे उघडून बसली होती.

संध्याकाळी साठ खुर्च्या मांडल्या आणि वाऱ्यामुळे माणसं आली एकोणीस.

दुपारी मादाम म्हणाल्या होत्या, "चाळीस मिनिटांत आटप, लोक घरी पोचायला हवेत." म्हणजे काही स्लाइड्स कापायच्या. सईद पंतप्रधानांचे चिरंजीव, वकिलीचं शिक्षण, न्यायाधीशाची नोकरी, पन्नाशीला, १९४७ साली, राजीनामा देऊन पूर्णवेळ चित्रकार: ही गोष्ट कापता येत नाही. तांब्याच्या भांड्यासारख्या लखलखणाऱ्या कांतीच्या त्यांच्या बायका, १९३७चं भलंमोठं 'अल-मदीना', तेही राहायला हवं. दुबईच्या लिलावाची स्लाइड तर मादामच्या खास आवडीची. 'शादूफ' हे १९३४चं चित्र. शादूफ म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला पोहरा बांधलेला पाणी उपसायचा दांडा, कोकणात लाट म्हणतात तसला. २०१० साली ते चोवीस लाख डॉलरच्या वर गेलं, अंदाजाच्या दहापटीहून जास्त. ही स्लाइड आली की पेंगणारेही सावरून बसतात. मग कापलं काय, तर अमेलिया कासोनातो दा फोर्नो. अलेक्झांड्रियात राहणारी ही इटालियन बाई सईदची पहिली चित्रकलेची शिक्षिका. तिला एक स्लाइड दिली होती. तीच काढली.

व्याख्यान बरं झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतले एक पन्नाशीचे गृहस्थ उठले. अंगावर कोट, कोटावर धूळ, आणि पायांशी घोंगडीत गुंडाळून दोरीने बांधलेला एक चौकोन. तो मी आल्यापासून पाहत होते. असले चौकोन पाहून आमच्या धंद्यात पोटात गोळा येतो.

"मी सकाळच्या गाडीने अलेक्झांड्रियाहून आलोय," ते म्हणाले. "आमच्या घरी महमूद सईद आहे. तुम्ही आत्ताच चोवीस लाख म्हणालात. बघून सांगा."

आणि एकोणीस माणसांसमोर त्यांनी दोरी सोडली.

तोंडी निकाल कधीच द्यायचा नाही, हा गॅलरीतला पहिला धडा. खरं म्हणालात तर उद्या त्या शब्दावर कुणी घर गहाण टाकेल, खोटं म्हणालात तर कोर्टात जाईल. मादाम भिंतीपाशी उभ्या राहून डोळ्यांनीच 'नको, नको' करत होत्या. पण घोंगडी खाली पडली आणि मी पुढे गेले. खिडकीत बसलेली एक तरुण बाई. मागे समुद्राची पट्टी, कोपराखाली निळी उशी, नजर आपल्याकडे नाही, रस्त्यावर कुणीतरी येणार आहे तिकडे. चित्र चांगलं होतं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं ऐकून लोक ते विसरतात. खाली उजव्या कोपऱ्यात तपकिरी अक्षरं: एम. सईद, रोमन लिपीत, ते स्वतः करायचे तशी.

"बाशमुहन्दिस, आपण आत बसून पाहू," मी म्हटलं. इथे अनोळखी सुशिक्षित माणसाला इंजिनियरसाहेब म्हटलं की तो निम्मा शांत होतो. हे गृहस्थ निघालेही इंजिनियरच.

आत म्हणजे खुर्च्या ठेवायच्या खोलीत. आमचे जुने रेस्टोरर, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणारे, तिथे चहा पीत होते. सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना 'हग्ग' म्हणतात. हज यात्रा केलेला तो हाजी, पण कैरोच्या तोंडी 'ज'चा 'ग' होतो. हग्गनी आधी चित्र उलटं केलं. नवखा माणूस पुढून पाहतो, जाणता मागून. लाकडी चौकट जुनी, कॅनव्हास जुन्या खिळ्यांनी ठोकलेला, खिळ्यांभोवती गंजाचे डाग. स्टेपलच्या पिना असत्या तरी लगेच काही सिद्ध झालं नसतं, कॅनव्हास पुन्हा ताणतातच. पण इथे सगळं आपापल्या जागी होतं. मग त्यांनी दिवा घालवला आणि जांभळ्या किरणांचा टॉर्च पेटवला.

अंधारात ती बाई हिरवट धुक्यात बुडाल्यासारखी दिसू लागली. जुनं व्हार्निश असं चमकतं, आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळा दिसतो. उशीवर, केसांत, समुद्रावर सगळीकडे तेच हिरवं धुकं. फक्त खालच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या जागेत ते नव्हतंच, आणि त्या मोकळ्या जागेच्या मधोमध काळीकुट्ट सही.

हग्गनी भिंग माझ्या हातात दिलं. चित्रावर वयाच्या बारीक भेगा होत्या, सुकलेल्या तळ्यासारख्या. जुन्या रंगाला भेग पडते तेव्हा सहीलाही पडते, दोन्ही एकत्रच फाटतात. इथे सहीचा तपकिरी रंग भेगांच्या आत ओघळला होता. म्हणजे आधी भेगा, मग सही.

चित्र जुनं, प्रामाणिक. सही नवी.

मी बऱ्याच खोट्या चित्रांना तोंड दिलंय, आणि ही कीड काही इजिप्तचीच नाही. २००९ साली दिल्लीत एस. एच. रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीतच, हे त्यांना स्वतःला सांगावं लागलं. पण तिथे आणि इतरत्र पाहिलं ते असं की कुणीतरी बसून नकली माल तयार करतो. इथे नकली काहीच नव्हतं. कुणीतरी खरंखुरं चित्र काढून त्यावर स्वतःचं नाव घातलं होतं आणि ते नाव पुसलं गेलं होतं. हग्गनी टॉर्च तिरका धरला. मोकळ्या जागेत एक उभी रेघ उरली होती. एल असेल, टी असेल, नुसता ओरखडाही असेल.

"चित्र घरात कधीपासून?" मी विचारलं.

आजोबांनी १९५७ साली घेतलेलं. सुएझच्या युद्धानंतर अलेक्झांड्रियातली कित्येक परदेशी आणि ज्यू कुटुंबं देश सोडून गेली आणि त्यांचं सामान घरोघरी विकलं गेलं. आजोबांनी एका फ्लॅटमधून जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या आणि वर हे चित्र आणलं.

"आणि सही?"

"सही पहिल्यापासून आहे."

हग्ग चहाचा कप हातात फिरवत राहिले. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने गृहस्थ म्हणाले, "मामाने एकदा साफ करायला दिलं होतं. २०११ला, नाहीतर १२ला." लिलावानंतर वर्ष-दोन वर्षांत, हे माझ्या मनात आलं, तसं त्यांच्याही आलं असावं. त्यांनी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकर चालू केला.

"मामा, त्या चित्रावर पहिल्यापासून सईदचं नाव होतं का गं?" (इथे 'मामा' म्हणजे आई. सुरुवातीला माझा यात फार गोंधळ व्हायचा.)

पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "कुठल्या? सित्त अश-शिब्बाकवर?" खिडकीतली बाई. घरात तिला हेच नाव. "तिथे लाल अक्षरं होती. फ्रेंचमध्ये. तुझा मामा ती घेऊन गेला आणि परत आली तेव्हा तपकिरी झाली. मी तेव्हाच म्हटलं, बाईला कुठे नेऊन आणलंस? जेवलास का?"

"काय लिहिलं होतं, आठवतं?"

"मला कुठे फ्रेंच येतं, बाळा."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मला ती कापलेली स्लाइड आठवली. त्या काळातल्या अलेक्झांड्रियात घरी शिकवण्या घेणाऱ्या, स्टुडिओ चालवणाऱ्या परदेशी चित्रकारांची कमी नव्हती. सैफ आणि अदहम वानली हे चित्रकार भाऊही ओत्तोरिनो बिक्की नावाच्या इटालियनाकडेच शिकले. शिष्य मोठे झाले म्हणून गुरूंची नावं तळटीपेत तरी राहिली. ज्यांचे शिष्य मोठे झाले नाहीत आणि जे स्वतः फक्त शिष्यच राहिले, अशांपैकी कुणाचीही ती खिडकी असू शकेल. ते नाव पुसणाऱ्याला सईदची किंमत कुठून कळली असेल? आमच्यासारख्यांच्याच पोस्टरवरून आणि स्लाइडवरून.

गृहस्थांना मी जे दिसलं ते सांगितलं. सईदच्या सगळ्या ज्ञात चित्रांची सूची २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे. मादामनी तीही आणून पानं उलटली, खिडकीतली बाई तिच्यात नव्हती. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत, फक्त विचारलं, "सही काढता येईल?" हग्ग म्हणाले, येईल, ताजी आहे, कापसाच्या बोळ्याने तासाभरात निघेल, पण खाली काही मिळणार नाही. "मग राहू दे," गृहस्थ म्हणाले. "निदान कुणाचं तरी नाव आहे." मला हे पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. खोटं नाव असण्यापेक्षा कोरा कोपरा बरा. त्यांनी मान डोलावली, जशी माणसं पाहुण्याच्या मताला डोलावतात.

बाहेर वारा पडला होता. टॅक्सीच्या डिकीत चित्र मावेना, तेव्हा आमच्या बव्वाबने, म्हणजे इमारतीच्या दारवानाने, ते घोंगडीसकट टपावर बांधलं.

दुसऱ्या दिवशी मी मादामना म्हटलं, लिलावाची स्लाइड काढूया. त्या म्हणाल्या, "काढ, आणि मग साठ खुर्च्यांवर तू आणि मी बसू." स्लाइड अजून आहे. मी ती शेवटी नेली आहे आणि अमेलियाबाईंना पहिली जागा दिली आहे. व्याख्यान आता पंचेचाळीस मिनिटांचं होतं आणि मादाम घड्याळाकडे बघत राहतात.

तीनेक आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. दिवाणखाना, जेवणाचं टेबल, सहातल्या चार खुर्च्या, आणि त्यांच्या वरच्या भिंतीवर ती बाई, अजून तशीच रस्त्याकडे बघत. चित्राखालच्या कपाटावर प्लास्टिकच्या फुलांची मोठी फुलदाणी होती, पण मधोमध नाही. ती उजव्या टोकाला, चित्राला अगदी खेटून सरकवलेली होती. फुलांमागे खालचा कोपरा दिसत नव्हता. खाली एकच ओळ: "आईने ठेवलीय, हलवू देत नाही."