आवाज कशाबरोबर वाढतो, ते आधी सांगा

"दादा, सेकंडहँड आर१५ घेतली. इंजिनातून लई आवाज येऊ लागलाय. टायर पण गेलेत. मागं दीडशे मिमी रुंदीचा टाकू का?"

वाळूजला शिफ्टला येणारी पोरं, गावाकडचे भाचे-पुतणे, कधी पेट्रोल पंपावर भेटलेला अनोळखी माणूससुद्धा मला हे दोन प्रश्न जोडीनंच विचारतो. गाडी कधी यामाहाची आर१५ असते, कधी बजाजची एनएस२००, कधी केटीएमची आरसी२००. मी मेकॅनिक नाही. वाळूज एमआयडीसीत तपासणीच्या टेबलावर काम करतो, मोजमाप हा माझा रोजचा धंदा. इथं १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्याकडे गाडीबद्दल सल्ला देणारा माणूस शोधावा लागत नाही. अडचण होते ती न ऐकता, न मोजता दिलेल्या सल्ल्याची. प्रश्न नेहमीच येतो म्हणून सविस्तर लिहितो.

माझा उलट प्रश्न ठरलेला: आवाज कशाबरोबर वाढतो? आरपीएमबरोबर (इंजिनाचे मिनिटाला फेरे), गाडीच्या वेगाबरोबर, लोड पडल्यावर, की इंजिन तापल्यावर? नुसतं "खळखळ येतंय" एवढ्यावर कुणी इंजिन उघडायला निघाला, तर गाडी तिथून उचला.

मोकळा, सरळ रस्ता बघा. गाडी पन्नासच्या आसपास आणा, अॅक्सिलरेटर सोडा आणि क्लच दाबून धरा. इंजिन आयडलवर येईल, गाडी मात्र त्याच वेगानं पळत राहील. आवाज तसाच राहिला तर इंजिनाचा काही संबंध नाही. चाकाची बेअरिंग, चेन, ब्रेक किंवा खुद्द टायर बघायचा. आरपीएमसोबत आवाज पडला तर मग इंजिनाकडे वळायचं. या एवढ्या तपासणीत निम्म्या गाड्यांचा निकाल लागतो, आणि पैसा लागत नाही.

बेअरिंग गेली की घुंघुं वेगासोबत चढत जाते आणि गाडी एका बाजूला कलवली की बदलू शकते. चेनचं वेगळं. बऱ्याच आर१५ना मेन स्टँड नसतो, म्हणून इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, एकानं गाडी साइड स्टँडवर कलती धरून मागचं चाक जमिनीवरून उचलायचं आणि दुसऱ्यानं ते हातानं हळू फिरवायचं. बोटं चेनपासून लांब. एका ठिकाणी चेन ताठ आणि पुढे सैल लागत असेल तर ती असमान ताणली गेलीये. तेल मारून ते जात नाही, चेन-स्प्रॉकेट बदलावं लागतं.

आता इंजिन. आधी ऑइल. या इंजिनांत जेमतेम एक-दीड लिटर ऑइल असतं, त्यातलं दोनशे-तीनशे मिली कमी झालं तरी वरचे भाग बोलायला लागतात. गाडी सरळ उभी करून काचेतून किंवा ऑइल कॅपच्या पट्टीवर, गाडीत जे असेल त्यावर, लेव्हल बघा, साइड स्टँडवर नाही. डब्यावर १०डब्ल्यू-४० (ऑइलची जाडी) आणि जेएएसओ एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) असं असावं, निदान आर१५साठी. कारचं ऑइल कुणी फुकट दिलं तरी ओतू नका. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, येणारी एकसारखी बारीक टकटक बहुतेकदा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या बारीक गॅपची. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. आयडल १४०० असेल तर कॅम मिनिटाला ७००, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा टकटक. क्रँकचा ठोका याच्या दुप्पट दाट असतो. थोडा सराव झाला की कानाला हा फरक कळतो.

टॅपेटबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन येतं, मेकॅनिक टॅपेट आवळून देतो, इंजिन गप्प होतं आणि दोघंही खूश होतात. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. गॅप उरली नाही की तो नीट टेकत नाही, तापत राहतो, कडेनं जळतो. मग कॉम्प्रेशन जातं, गरम गाडी स्टार्ट होईना होते आणि हेडचं काम निघतं. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतो, आवळलेला काहीच सांगत नाही. म्हणून गॅप कानानं ठरवायची नाही. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (व्हॉल्व्ह बंद, पिस्टन सगळ्यात वर), आणि हातात फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा जुडगा. पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे. आकडा कंपनीच्या पुस्तकातला घ्या, शेजारच्या गाडीचा नको. मेकॅनिकच्या डब्यात फिलर गेज दिसलं नाही तर टॅपेटला हात लावू देऊ नका.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, टोक आधी हेडच्या बोल्टवर, मग टायमिंग चेनच्या (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या) बाजूच्या कव्हरवर, मग क्लचच्या कव्हरवर. फिरत्या भागांपासून आणि सायलेन्सरपासून जपून.

माझ्या भाच्याच्या आर१५चं असंच झालं. साडेचार-पाच हजार आरपीएमला खळखळ यायची, त्याला टायमिंग चेनचं अख्खं किट आणि टेन्शनर बदलायला सांगितलं होतं. स्क्रू ड्रायव्हर लावला तर टायमिंगच्या कव्हरवर नुसती स्वच्छ घरघर. मी त्याला इंजिन त्याच आरपीएमवर धरायला लावलं आणि फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या बाजूच्या प्लास्टिकवर, तळहात दाबला. आवाज बंद. हात काढला, सुरू. खालच्या बोल्टमधला रबरी बुश उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं कडक होऊन भुगा झाला होता, आणि प्लास्टिक थेट ब्रॅकेटवर वाजत होतं. ठरावीक आरपीएमलाच येणारा आणि वर-खाली झालं की जाणारा आवाज दिसला, की आधी पट्ट्या, बोल्ट, फेअरिंग चाचपा. खरी टायमिंग चेन सैल असली तर ती स्टार्ट करताना आणि अॅक्सिलरेटर सोडताना जास्त खळखळते.

न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबत असेल तर तो क्लच हबचा किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा मामला; हलकी असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट वरच्या गिअरमध्ये चढताना कुणी खडे वाजवल्यासारखी टिणटिण येते, ती नॉकिंग. गिअर उतरवा, जाते. उतरवूनही येत राहिली तर पेट्रोल, कार्बन आणि कूलंट तपासा. आणि परभणीच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत गाडी बंद करताना रेडिएटरचा पंखा घोंघावला तर तो आपलं काम करतोय.

एक आवाज मात्र ऐकला की गाडी जागच्या जागी बंद करा: खालून येणारा, लोड पडला की वाढणारा जड ठोका. तो पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. "घरापर्यंत नेतो हळूहळू" म्हणू नका, छोटा हत्ती बोलवा. भाडं परवडतं, क्रँक परवडत नाही.

टायरकडे येतो. १४०/७०-१७ म्हणजे रुंदी १४० मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची. आर१५च्या तिसऱ्या आवृत्तीला मागं १४०/७०-१७ रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेला) आणि पुढं १००/८०-१७ येतो, एनएस२००ला मागं १३०/७०-१७, आरसी२००ला १५०/६०-१७. आरसीचा टायर आर१५ला का नको, ते हिशेबानं बघा. १४०/७०ची भिंत ९८ मिमी, १५०/६०ची ९० मिमी. दोन्हीकडून धरलं तर चाकाची उंची १६ मिमीनं उतरते. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा उंचावतो आणि वळणावर जिथं पकड हवी तिथला आकारच बदलतो. वजन वाढतं ते वेगळं, आणि इंजिन तर १८-१९ पीएसचं. कंपनीनं दिलेलं माप ठेवा. मागं रेडियल असेल तर रेडियलच घ्या. पुढं रेडियल आणि मागं साधा, ही जोडी कधीच नको.

माप तेच ठेवून चांगला टायर घेता येतो, पैसे तिथं घाला. मऊ कंपाउंडची, म्हणजे मऊ रबराची, पकड ओल्यात चांगली, पण तो लवकर झिजतो. आपल्याकडे नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर काळी माती आणतात, जरासा पाऊस पडला की तिच्यावर कुठलाच टायर धरत नाही. तिथं वेगच कमी हवा. ओल्या डांबरासाठी मात्र खोल, पाणी काढणाऱ्या खाचा कामाला येतात. रोज बीड-संभाजीनगर हायवे असेल तर मधोमध कडक, कडेला मऊ असा दुहेरी कंपाउंडचा मिळाला तर बघा. मोठ्या ठोकळ्यांचा ऑफरोड छाप टायर डांबरावर घुंघुं करतो, आणि मग तोच माणूस बेअरिंग गेली म्हणून माझ्याकडे येतो.

दुकानात टायरच्या भिंतीवरचा लंबगोलातला चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात दोन-तीन वर्षं पडलेला टायर "नवा कोरा" म्हणून देतात. तो परत ठेवायला सांगा. भिंतीवरचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: पी म्हणजे ताशी १५० किमी, एस १८०, एच २१०. मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, असं आपल्याकडे सर्रास चालतं. हे घातक आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानंच टायर जास्त तापतो. गाडीवरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो, तापल्यावर दाब वाढणार हे धरूनच दिलेला. सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. रस्त्याकडेला वेडी बाभूळ असलेल्या गावांत तर आठवड्याला मोजाच. ट्यूबलेसमधला काटा दिवसच्या दिवस हवा सोडत राहतो आणि कळत नाही.

नवीन टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात कलवू नका, वरचा गुळगुळीत थर निघून जाऊ द्या. आणि मागचा टायर बदलून आणल्यावर नवाच घरघर आवाज सुरू झाला, तर इंजिनाकडे बघायच्या आधी चेन बघा. चाक परत बसवताना ती जास्त ताणली जाते. खालच्या बाजूनं मधोमध बोटानं वर-खाली करा, स्टिकरवर दिलंय तेवढी ढिलाई हवी, आणि गाडीवर एक माणूस बसवूनही बघा, कारण सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताठ होते.