सहा चाकांची टायरेल आणि अर्ध्या इंचाचा पाईप

आमचा धंदा बिल्डरांच्या बिल्डिंगची मॉडेलं बनवायचा. भोसरीत छोटासा गाळा आहे, एक लेसर मशीन, एक छोटी लेथ, मी आणि माझा भाचा. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात एक काका बुटाचा खोका काखेत मारून आले आणि "हे नीट होईल का हो" म्हणाले तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. पण झाकण उघडलं आणि आत टायरेल पी३४! सहा चाकांची फॉर्म्युला वन, १/२० स्केलचं प्लॅस्टिक किट. काका १९७७ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगला सहा महिने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत होते, तिथे घेतलं आणि खोलीवर बसून जोडलं. मग कसलं नाही म्हणतोय.

बॉडी तशी ठीक होती. निळ्या रंगावर ब्रशचे फराटे, डिंक पिवळा पडलेला, मागचा विंग तुटलेला, कॉकपिटच्या बाजूच्या दोन छोट्या पारदर्शक खिडक्या धुरकटलेल्या. (खऱ्या गाडीलाही त्या होत्या, ड्रायव्हरला आपली पुढची चाकं दिसावीत म्हणून.) खरी बोंब चाकांची. टायर रिमला नुसते चिकटले नव्हते, त्यांनी रिम खाल्ली होती. एक टायर हळूच ओढला तर रिमची कड चिक्कीच्या पाकासारखी तार धरून वर आली. ही कुठल्या एका कंपनीची चूक नाही, जुन्या बऱ्याच किटची हीच गत होते. टायर पीव्हीसीचे, ते मऊ राहावेत म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं, ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि ज्याला टेकलंय ते पॉलिस्टायरीन (किटचं कडक प्लॅस्टिक) मऊ करून टाकतं. खोक्यात गाडीखाली एक प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्यावरसुद्धा टायरचे खळगे पडलेले.

रंग काढायला ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर बुडवली, दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासली, विंग जोडला, ते सगळं दोन दिवसांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मागच्या दोन चाकांचा प्रश्नही सुटला, कारण ती १३ इंची आणि त्या काळात तोच साइज बऱ्याच गाड्यांना होता, माझ्या भंगाराच्या डब्यात एका मोडक्या किटची निघाली. पण पुढची चार? ती १० इंची, त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याच फॉर्म्युला वन गाडीला नाहीत. गाडीचा डिझायनर डेरेक गार्डनरने मुद्दामच ती एवढी लहान ठेवली होती, पुढच्या नाकाआड लपावीत आणि हवेला कमी अडावीत म्हणून, आणि लहान चाकाला पकड कमी म्हणून दोनाची चार केली. १३ जून १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पच्या रेसला शेक्टर पहिला आणि देपाये दुसरा, दोघेही याच गाडीत. हे सगळं काकांनीच मला चहा पिता पिता ऐकवलं, तारखेसकट.

बाहेरून रेझिनची चाकं मागवली. तीन आठवडे आणि वर कस्टमची ड्युटी. पाकिटावर १/२० लिहिलेलं, व्हर्नियर लावून मोजली तर रिम १३.६ मिलीमीटर, हवी १२.७ ची. डोक्यात तिडीक गेली. भाचा म्हणाला मामा एक मिलीमीटरने काय होतंय, तर लावूनच दाखवलं, पुढची दोन चाकं एकमेकांना घासायला लागली.

मग ठरवलं की रिम ॲल्युमिनियमचीच करायची, धातूला टायर काय खाणार. रॉड लावला, चार रिम कातल्या. आता टायर. आधी ओ-रिंग (रबरी कड्या) लावून पाहिल्या, गोल गोल, टॉय सायकलला शोभतील अशा. रेस गाडीचा टायर कसा चपटा, रुंद, कडा धारदार पाहिजे. त्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे दुसऱ्याच कामाला गेलो होतो, गिऱ्हाईक म्हणून पुढे एक प्लंबर उभा, तो म्हणाला "अर्धा इंची पाईप दे" आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अहो १० इंच भागिले २० म्हणजे अर्धा इंच! १२.७ मिलीमीटर! इतके दिवस मी मिलीमीटरमध्ये बघत होतो, इंचात एकदाही विचार केला नाही, आणि म्हणे मॉडेलवाला.

अर्धा इंच आतला व्यास असलेला रबरी होज घेतला तर कापल्यावर कडेला आतले धागे दिसायला लागले. परत गेलो. दुकानदार वैतागला, पण मागच्या कपाटातून बिनधाग्याची काळी नायट्रिलची ट्यूब काढून दिली, फूटभर. लाकडी दांडीवर चढवून लेथला लावली, सँडपेपरने बाहेरून हवी तेवढी उतरवली, ब्लेडने चकत्या पाडल्या. गाळाभर काळी धूळ आणि जळक्या रबराचा वास, भाचा बाहेरच जाऊन बसला. पण पहिली चकती रिमवर ढकलली तेव्हा "टप्प" असा आवाज होऊन जी बसली ना!

काकांना दाखवलं तेव्हा म्हणाले, खऱ्या गाडीचंही असंच टायरवर अडलं होतं. पुढच्या छोट्या टायरवर पुरेसं काम होत राहिलं नाही आणि १९७७ मध्ये गाडी मागे पडली, आणि पुढे कित्येक वर्षांनी जुन्या गाड्यांच्या रेससाठी एव्हन या टायर कंपनीला खास १० इंची टायर बनवून द्यावे लागले.

मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक चाक बोटाने फिरवलं. "डावीकडचं दुसरं घासतंय." मला तर काहीच जाणवत नव्हतं. काढलं, आतल्या कडेवरून पेपर दोनदा फिरवला, परत लावलं. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, कान जवळ नेला आणि ते थांबेपर्यंत तसेच बसून राहिले.

"आता उरलेला तुकडा पण द्या," म्हणाले. "स्पेअर असू देत."